जूनमध्ये मासे, मग मे महिन्यात एवढी कसली घाई?

मावशी, मी मूळची रत्नागिरीची, वय ३३. लग्न होऊन दोन वर्षं झाली. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात बेलिंगहॅमला राहते आणि घरूनच सॉफ्टवेअरची नोकरी करते. नवरा अमेरिकन आहे आणि धंद्याने मच्छीमार. दर उन्हाळ्यात अलास्कात ब्रिस्टल बेला स्वतःची बोट घेऊन सॅल्मन पकडतो. धंदा सहा आठवड्यांचा, असं लग्नाआधी त्यानेच सांगितलं होतं. प्रत्यक्षात मार्च उजाडला की तो घरात असून नसल्यासारखा. गॅरेजमध्ये जाळी, जेवायच्या टेबलावर इंजिनाचे भाग, रात्री दोनला उठून याद्या लिहीत बसतो. काही बोलायला गेलं की 'सीझन झाल्यावर बघू'. गेल्या महिन्यात आमच्या जॉइंट खात्यातून ३१ हजार डॉलर गेलेले दिसले. नवीन इंजिन! मला विचारलंसुद्धा नव्हतं. आणि आता कहर म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न मेच्या शेवटच्या आठवड्यात रत्नागिरीला आहे, तर हा येणार नाही म्हणतो. अहो, मासे येतात जूनच्या अखेरीस. मग मे महिन्यात याला कसली घाई? आई विचारते, जावयाला आमच्यात यायची लाज वाटते का. बाबा काहीच बोलत नाहीत, ते जास्त लागतं. मासेमारी की मी, एकदाच काय ते ठरव, असं सांगू का त्याला?
– कोकणकन्या, बेलिंगहॅम

प्रिय कोकणकन्ये,

सहीतलं नाव वाचून हसले. त्या नावाच्या गाडीलासुद्धा पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक असतं. जून आला की वेग कमी, वेळा बदललेल्या, आणि ज्याला हे माहीत नसतं तो फलाटावर उगाच चिडचिड करतो. तुझ्या नवऱ्याचंही असंच वेळापत्रक आहे. ते तुझ्या हातात कुणी दिलं नाही, एवढंच.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, असं काही सांगू नकोस. लग्नाला न येण्याबद्दल त्याचं बरोबर आहे. पैशांबद्दल तुझं बरोबर आहे, आणि तिथे मी त्याला काडीची सूट देणार नाही. ही दोन भांडणं तू एकाच पिशवीत भरली आहेस, म्हणून ती पिशवी तुलाही उचलवेना आणि त्यालाही.

मी हे कुठल्या अधिकाराने बोलते ते सांगते. मी हर्णैची, कोळ्यांच्या घरातली. वडिलांची बोट होती. पुढे लग्न करून सिएटलला आले आणि एकवीस वर्षं मच्छीमारांचे हिशेब सांभाळले. त्यातले निम्म्याहून जास्त ब्रिस्टल बेचे. सुरुवातीच्या एका वर्षी मेच्या अखेरीस मी एका बोटमालकाला फोन केला होता, कसल्याशा पावत्या हव्या होत्या म्हणून. पलीकडून घणाचे आवाज येत होते. त्याने एकच विचारलं, "कुणी मेलंय का?" म्हटलं, नाही. "मग सप्टेंबरात," म्हणाला आणि फोन बंद. मला भयंकर राग आला होता. सप्टेंबरात तो पावत्यांचा खोका आणि घरी धुरावलेल्या सॅल्मनच्या चार बरण्या घेऊन आला. माणूस तोच, महिना वेगळा.

आता मे महिन्याचं.

ब्रिस्टल बे म्हणजे जगातला लाल सॅल्मनचा, म्हणजे सॉकायचा, सगळ्यात मोठा ओघ. (आपल्याकडे हॉटेलवाले रावसाला 'इंडियन सॅल्मन' म्हणतात, त्याचं याच्याशी नात्यागोत्याचं काही नाही. आईला हे समजावायला जाऊ नकोस, वेळ फुकट जाईल.) हा मासा समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला आपल्या जन्माच्या नदीत परततो. परततो तो सगळा एकदम. जूनच्या मध्यापासून थोडाथोडा यायला लागतो, ४ जुलैच्या आसपास लोंढा, आणि जुलै सरता सरता संपलं. सहा आठवडे म्हणायचे, पण वर्षाची बहुतेक कमाई त्यातल्या दोन-तीन आठवड्यांत होते. त्या दिवसांत बोट एक दिवस बंद पडली तर एका दिवसाची मजुरी बुडत नाही, वर्षाचा लचका तुटतो.

आणि त्या दिवसांतलं त्याच्या हातात काय असतं? मासा किती येईल ते नाही. वारा नाही. जाळं कधी टाकायचं तेसुद्धा नाही. नद्यांच्या काठी मनोरे बांधलेले आहेत, त्यावर उभं राहून सरकारी माणसं दर तासाला दहा मिनिटं, वर जाणारे मासे डोळ्यांनी मोजतात. पुढच्या पिढीसाठी पुरेसे मासे नदीत चढले असं वाटलं की अलास्काचं मत्स्यखातं जाहीर करतं, अमुक भागात अमुक वाजल्यापासून अमुक वाजेपर्यंत जाळी टाका. नाही वाटलं तर बोटी उभ्या. ही व्यवस्था चांगली आहे, तिच्यामुळेच मासा टिकला. पण बोटीवर बसलेल्या माणसासाठी ती म्हणजे काही तासांच्या सूचनेवर दिवसरात्र जागं राहणं. भावाचं तर विचारूच नको. कित्येकदा मासा देऊन झाला तरी पौंडाला किती मिळणार हे कळलेलं नसतं, आणि उरलेला फरक पुढच्या वर्षी हातात पडतो. २०२२ मध्ये ब्रिस्टल बेला ७ कोटी ९० लाखांच्या आसपास मासे आले, इतिहासातला विक्रम, आणि मूळ भाव मिळाला पौंडाला १ डॉलर १५ सेंट. पुढच्याच वर्षी मोठ्या खरेदीदाराने भाव लावला ५० सेंट. समजा एखाद्या बोटीने दोन्ही वर्षं दीड लाख पौंड मासा धरला. एका वर्षी १ लाख ७२ हजार ५०० डॉलर, दुसऱ्या वर्षी ७५ हजार. माणूस तोच, मेहनत तीच. त्यातून दोन खलाशांचा वाटा, डिझेल, विमा, जाळी, यार्डाचं भाडं वजा कर. तू सॉफ्टवेअरवाली, हे गणित तुला माझ्याहून पटकन येईल.

मासा, वारा, सरकार, भाव, यातलं काहीच त्याचं नाही. त्याच्या हातात आहे फक्त बोट चालू ठेवणं, आणि ते काम जुलैत होत नाही, मे महिन्यात होतं. म्हणून मे महिना तो तुला देत नाही.

ही बोट असते कुठे, हे तुला ठाऊक आहे का? बहुधा बेलिंगहॅमच्या बंदरात नाही. ब्रिस्टल बेच्या बहुतेक बोटी हिवाळाभर तिकडेच, नाकनेक किंवा डिलिंगहॅमच्या यार्डात जमिनीवर उभ्या असतात. नाकनेकला अँकरेजहून रस्ता नाही. विमानाने किंग सॅल्मनला उतरायचं, तिथून पंधरा मैलांची एक सडक, बस्स. जड सामान सिएटलहून बार्जवर चढवायचं आणि ते बार्ज वेळेत पोचावं म्हणून हात जोडायचे. मेच्या मध्यापासून शेकडो मालक आपापल्या बोटींवरची ताडपत्री काढतात, आणि मग सगळ्यांना एकाच वेळी तोच वेल्डर, तोच मेकॅनिक, तीच क्रेन हवी असते. एक साधा होज फुटलेला निघाला आणि तो दुकानात नसला तर अँकरेजहून विमानाने मागवा. नदीत उधाणाच्या वेळी वीस फुटांहून जास्त पाणी चढतं-उतरतं, तेव्हा बोट पाण्यात सोडायची तीसुद्धा भरती बघून. आज राहिली तर उद्या म्हणावं, तर उद्या रांगेत दुसराच.

त्यात तुझा नवरा यंदा नवीन इंजिन बसवतोय. नवीन इंजिन म्हणजे नवीन दुखणी. ते पाण्यात घालून, चालवून, गळती-गरमी बघून, पुन्हा उघडून पुन्हा लावायला आठवडा-पंधरवडा हाताशी हवा. मेच्या शेवटच्या आठवड्यात त्याला रत्नागिरीला आणायचं म्हणजे जाण्यायेण्यासकट दहा-बारा दिवस. ते त्याच्याकडे नाहीत. तुझ्यावरचं प्रेम मोजायला हे दिवस वापरू नकोस, मापच चुकीचं आहे.

(एक गंमत सांगते. ब्रिस्टल बेला १९५१ पर्यंत इंजिनाला बंदीच होती, मासेमारी सगळी शिडाच्या होड्यांतून चालायची. त्या काळच्या बायकांना ३१ हजारांचं इंजिन सोसावं लागलं नाही. दुसरं काय काय सोसावं लागलं असेल, त्याचा विचार न केलेला बरा.)

तू म्हणशील, यंदाचा सीझनच दुसऱ्या कुणाच्या हाती द्यावा ना. नाही चालत. ज्याच्या नावावर परमिट, त्याने मासे धरताना स्वतः बोटीवर हजर असायला लागतं. परमिट भाड्याने देता येत नाही. आजारपण, अपघात, अशा अचानक कोसळलेल्या अडचणीत तेवढं तात्पुरतं दुसऱ्याच्या नावे करता येतं. मेहुणीचं लग्न त्यात बसत नाही. पत्रिका छापलेली अडचण अचानक कशी म्हणणार?

बाबांना कसं सांगायचं ते मी सांगते, कारण त्यांचं गप्प राहणं तुला जास्त लागलंय. रत्नागिरीचा माणूस आहे. हापूस त्याला शिकवावा लागत नाही. मोहोर आल्यावर, फवारणी चालू असताना, ऐन थंडीत तुडतुड्यावर डोळा ठेवायच्या दिवसांत बागायतदाराला 'आंबा तर एप्रिलमध्ये येतो, आत्ता पुण्याला मुंजीला यायला काय झालं' असं कुणी म्हटलं तर तो काय उत्तर देईल? नवऱ्याचा मे म्हणजे त्यांचा मोहोर. इतकं सांग, पुढचं ते स्वतःच आईला सांगतील. माझ्या माहेरी तर हे मलाच कळायला हवं होतं. आता महाराष्ट्रात यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै बंदी असते. माझ्या लहानपणी आम्ही नारळी पौर्णिमेचा हिशोब धरायचो. बोट शाकारलेली, दर्या खवळलेला, आणि वडील पडवीत जाळं पसरून बसलेले. 'पावसात काम नसतं' असं शाळेतल्या मैत्रिणी म्हणायच्या आणि मीही मान डोलवायची. वडिलांच्या मांडीवर ते जाळं दोन महिने असायचं, ते काम आहे असं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच यायचं नाही. आणि योग बघ, हर्णैचा दर्या बंद असतो नेमके तेच दोन महिने ब्रिस्टल बे चालू.

पण बाबांना तू सांगणं वेगळं आणि जावयाने सांगणं वेगळं. फोन त्यानेच करायचा, व्हॉट्सॲपवर मेसेज टाकून भागवायचं नाही. नाकनेकला निघायच्या आधी, इंग्रजीत का होईना, सासऱ्यांशी पाच मिनिटं बोलायचं, 'मला यायला जमत नाही, कारण असं असं आहे, आणि दिवाळीला मी येतोय' असं. तारीख ठरवून, तिकीट काढून मग फोन. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो मोकळा असतो, हे तुझ्या माहेरच्यांना अजून कळलेलंच नाही. ज्यांचे जावई बँकेत आहेत त्यांना विचार, दिवाळीला सलग तीन आठवडे घरी राहणारा जावई कुणाकडे आहे का ते. नव्या जावयाच्या दिवाळसणाला जुना जावई पाटावर शेजारी बसलेला दिसला की मेमधल्या रिकाम्या खुर्चीबद्दल कुणी फार बोलणार नाही. एखादी आत्या बोलेल. आत्या आला असता तरी बोलली असती.

लग्नाच्या दिवशी त्याने व्हिडिओवर यावं, हा हट्ट मात्र जरूर धर. रत्नागिरीत सकाळी अकराचा मुहूर्त असेल तर नाकनेकला आदल्या रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतील, आणि मेअखेर तिथे त्या वेळी चांगला उजेड असतो. ग्रीसचे हात घेऊन, बोटीवर उभं राहून त्याने तांदळाचे चार दाणे कॅमेऱ्यासमोर टाकले तर तुझी आई रडेल. तांदूळ त्याच्या सामानात तूच भर, नाहीतर तो ऐन वेळी तांदळाऐवजी शेवया शोधत बसेल.

आता पैसे. इथे माझा सूर बदलतो.

३१ हजार डॉलर जॉइंट खात्यातून काढायचे आणि बायकोला बँकेच्या ॲपवरून कळायचं, ही गोष्ट मे असो, जुलै असो, चुकीचीच. इंजिन चैनीचं नव्हे, हे मला कळतं. जुनं इंजिन ४ जुलैला बसलं असतं तर त्याहून जास्त गेले असते, हेही खरं असू शकेल. पण ते त्याने तुला आधी सांगायला हवं होतं. 'सीझन आहे' या दोन शब्दांत या धंद्यातले पुरुष काय काय लपवतात ते मी वह्यांमध्ये पाहिलंय. बहुतेक वेळा लबाडी नसते. भीती असते. बायकोने 'परवडतं का आपल्याला?' असं विचारलं आणि खरं उत्तर 'माहीत नाही' असलं, तर तो प्रश्नच नको, म्हणून माणूस गप्प बसतो. तू लिहिलंस ना, रात्री दोनला याद्या करत बसतो. त्या याद्यांवर बोल्ट आणि होज लिहिलेले असतात, पण झोप त्या बोल्टांनी उडवलेली नसते.

तेव्हा तो जायच्या आधी एक संध्याकाळ माग. एकच. बोलायचा विषय फक्त बोटीचा हिशेब. लग्न, आई, त्याचं गप्प राहणं, यातलं काही त्या टेबलावर आणायचं नाही. बोटीचं खातं वेगळं काढा. तुझा पगार जिथे जमा होतो तिथून बोटीला परस्पर पैसे जाणार नाहीत. घरातून बोटीला द्यायचे असतील तर उसने म्हणून द्यायचे, वहीत लिहून, आणि सप्टेंबरात हिशेब. एक रक्कम ठरवा, समजा दोन हजार, त्यावरचा खर्च सांगितल्याशिवाय नाही. 'विचारल्याशिवाय' म्हणत नाही, 'सांगितल्याशिवाय' म्हणते. नाकनेकच्या यार्डात रात्री अकराला वेल्डर समोर उभा असताना तो तुझी परवानगी मागत बसणार नाही आणि मागूही नये. पण एक मेसेज टाकायला दहा सेकंद लागतात.

आणि एक गोष्ट, जी तुमच्या दोघांच्याही लक्षात आली नसावी. अमेरिकेत मच्छीमारांना आणि शेतकऱ्यांना करात एक सवलत आहे. एकूण उत्पन्नाचा किमान दोन तृतीयांश भाग मासेमारीतून किंवा शेतीतून येत असेल तर दर तिमाहीला आगाऊ कर भरायची गरज नाही, १ मार्चपर्यंत विवरणपत्र आणि सगळा कर एकदम भरला की झालं. लग्नाआधी तुझा नवरा वर्षानुवर्षं असंच करत आला असणार. पण तुम्ही आता एकत्र विवरणपत्र भरत असाल तर तो दोन तृतीयांशाचा हिशेब दोघांचं उत्पन्न मिळून होतो. तुझा सॉफ्टवेअरचा पगार त्यात आला की ही सवलत सहज निसटते, आणि मग आगाऊ कर न भरल्याचा दंड. माझ्याकडे अशी जोडपी दर वर्षी एक-दोन तरी यायची, नव्याने लग्न झालेली, गोंधळलेली. मच्छीमारांचे कर करणारा हिशेबनीस गाठा. त्यावर सोपा उपाय असतो, तुझ्या पगारातून थोडा जास्त कर कापून घ्यायचा. आणि मासेमारीचं उत्पन्न वर-खाली होतं म्हणून मागच्या तीन वर्षांवर ते वाटून कर काढायचीही सोय आहे, तीही विचारा. पडत्या वर्षांमागून एखादं भरघोस वर्ष आलेल्या घरांना ती उपयोगी पडते.

गॅरेजमधल्या जाळ्यांबद्दल तू दोन ओळी लिहिल्यास, त्याही वैतागून. मी असते तर एखाद्या संध्याकाळी तिथे एक स्टूल घेऊन बसले असते. मदत करायला नव्हे, आपले पैसे कुठे चाललेत ते बघायला. त्याच्या बोटीला दीडशे वाव जाळं टाकायची मुभा आहे. आपलाच शब्द आहे हा, दोन्ही हात पसरले की एक वाव, सहा फूट. म्हणजे नऊशे फूट, पन्नास-पन्नास वावांचे तीन तुकडे जोडलेले. वर तरंगणाऱ्या भेंडांची दोरी, खाली शिशाची दोरी, मध्ये माशाच्या कल्ल्यांना अडकवणारं जाळं, आणि ते जाळं दोन्ही दोऱ्यांना हाताने, गाठ मारत, थोड्याथोड्या अंतरावर बांधायचं. एक गाठ ढिली राहिली तर तिथून सुटत जातं. गाठ मारायला शिकायला वेळ लागतो. पण सुया भरून द्यायला, म्हणजे जाळ्याच्या सुईवर दोरा गुंडाळून ठेवायला, अक्कल लागत नाही. मच्छीमारांच्या घरी पोरं हेच काम करत मोठी होतात, हर्णैलाही आणि बेलिंगहॅमलाही. हातात सुई आणि नजर खाली असली की ही माणसं बोलतात. समोरासमोर बसून 'आपल्याला बोलायचंय' म्हटलं की त्यांची जीभ आत जाते. माझे वडील आयुष्यात जे काही मनातलं बोलले ते जाळं विणताना, माझ्याकडे न बघता. नाही आवडलं तर दुसऱ्या दिवशी जाऊ नकोस. तू त्याची खलाशी नाहीस.

तिथे बसलीस की त्याला एक प्रश्न विचार, आणि हा मात्र नक्की विचार. त्याच्या बोटीवर इपर्ब असणार, म्हणजे बोट बुडाली तर उपग्रहामार्फत धोक्याचा संदेश पाठवणारं यंत्र. ते सरकारकडे नोंदवलेलं असतं आणि दर दोन वर्षांनी नोंदणी ताजी करावी लागते. त्या नोंदणीत आणीबाणीत कुणाला फोन करायचा ते नंबर असतात. संदेश आला की बचावपथक आधी तिथे फोन लावतं: बोट खरंच बाहेर आहे का, किती माणसं आहेत, कुठे निघाली होती. त्यात कुणाचा नंबर आहे ते बघ. लग्नाला दोन वर्षं झाली म्हणतेस, म्हणजे शेवटची नोंदणी लग्नाआधीची असू शकते. आईचा नंबर असेल, जुन्या मित्राचा असेल, कदाचित आणखी कुणाचा. भांडू नकोस त्यावर. फक्त तुझा घालायला लाव, आणि बोटीचं नाव, रंग, खलाशांची नावं, तो कुठल्या नदीच्या तोंडाशी मासे धरणार आहे, हे सगळं तुझ्याकडे एका कागदावर लिहून ठेव. जाळं टाकताना-ओढताना लाइफ जॅकेट घालतो का, तेही विचार. 'घालतो' असं पटकन म्हणाला तर घालत नसेल. हे पाणी वर्षभर गार असतं. सिएटलला फिशरमेन्स टर्मिनलवर बुडालेल्या मच्छीमारांचं स्मारक आहे, त्यावरची नावं वाचायला मी दर वर्षी एकदा जायची. तू जाऊ नकोस, निदान या महिन्यात तरी.

तो गेला की जून आणि जुलैत त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नकोस, पण शून्यही नको. मासा विकायला टेंडर बोटीला, म्हणजे समुद्रातच मासा उतरवून घेणाऱ्या बोटीला, लागला की एक ओळ, 'मासा दिला, सगळे ठीक', एवढं ठरवून घे. परत आल्यावर पहिला आठवडा तो झोपेल आणि खाईल. भांडायचं असेल तर ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात भांड, तेव्हा तो माणसात आलेला असतो. इंजिनाबद्दल माफी मागायला लाव. मी तर लेखी घेतली असती.

तू लग्नाला जा. एकटी, नटून, महिनाभर राहा. नवरा कुठे विचारलं की 'बोटीवर' म्हण. आपल्याकडे समुद्रकाठच्या माणसांना त्यापुढे काही विचारावं लागत नाही.

तुझी,
मावशी

ता.क. लग्न आटोपून परत निघताना आई केळ्याचे वेफर्स बांधून देईल आणि तुला वाटेल, चार पाकिटं नाकनेकला पोस्टाने पाठवावीत. नको. बोटीवर केळं न्यायचं नाही, अपशकुन, असं ही मंडळी मानतात. वेफर्स त्यात धरतात की नाही याबद्दल माझ्या दोन अशिलांमध्ये एकदा चांगलीच जुंपली होती. हसू नकोस, आम्ही दर्याला नारळ देणारी माणसं आहोत. फणसाचे गरे पाठव.